रांग एकतीसमधल्या दोन जागांची व्यवस्था

मी, व्हर्ला ऑस्टबी, कै. एल्डन ऑस्टबी यांची पत्नी, वय एकाहत्तर, पूर्वी धंदा सोफे-खुर्च्या शिवण्याचा, हल्ली काही नाही, राहणार मार्लो फोर्क, नेब्रास्का, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. या हंगामात असं सांगू शकणारी माणसं गावात फार उरलेली नाहीत, कारण आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ एक सामना सोडून सगळे जिंकला. मी प्यायलेली नाही, कोणी माझ्यावर दडपण आणलेलं नाही, आणि आणायचा प्रयत्न केला असता तर त्याचं काय झालं असतं हे गाव जाणतं.

येत्या सोमवारी ओमाहाला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरांना ती मागच्याच आठवड्यात बदलायची होती. शनिवारी आमच्या साळिंदरांचा, म्हणजे आमच्या संघाचा, हंगामाअखेरचा मानाचा बोल सामना आहे, तो बघितल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या खुर्चीवर टाकलेल्या संघाच्या हिरव्या जाकिटाकडे बघितलं, आणि सोमवार दिला. तेव्हापासून मला झोप नाही. ती झडपेमुळे उडाली की संघामुळे, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

आधी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात सगळं एल्डनला दिलं होतं, आणि तोच आधी गेला.

कलम एक. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी मुलगी जोलीन हिला द्यावी. तिने ऑक्टोबर महिन्यात, शनिवारी, तेही घरच्या मैदानावर सामना असताना लग्न केलं, हे मी विसरलेले नाही. नेब्रास्कात वाढलेली मुलगी पंचांग बघत नाही, पण सामन्यांचं वेळापत्रक तरी बघते. निम्मे पाहुणे आलेच नाहीत. उरलेल्यांच्या कानात रेडिओ होते. पास्टरची प्रार्थना मध्येच लांबली, देवाचे इतके आभार त्यांनी आधी कधी मानले नव्हते. साळिंदर तेव्हा गोलरेषेपाशी अडकले होते हे आम्हाला नंतर कळलं. शिवाय नवरा आमच्या वैरी कॉलेजचा, केलर टेकचा, त्यांच्या जांभळ्या टायमध्ये उभा. जोलीनला मी हे माफ केलेलं नाही, पण घर तिचंच आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि तिने तो लावू नये.

कलम दोन. एल्डनची हत्यारं हायस्कूलच्या वर्कशॉपला द्यावीत. जावईबापू ट्रेंट यांना देऊ नयेत. त्यांनी एकदा माझ्यासमोर पान्याने खिळा ठोकला होता. माझं जाड कापड शिवायचं मशीन शेजारीण मार्व्हा क्लाइन हिला द्यावं. ती ते गेली दहा वर्षं मागतेय आणि मी गेली दहा वर्षं नाही म्हणतेय, तेव्हा तिचा हक्क पक्का झाला.

कलम तीन. सामन्याआधी पाण्याच्या टाकीखाली गाडीमागे जी शेगडी पेटते, ती तिथल्या आमच्या मंडळींची सामाईक राहील. तिच्यावर सॉसेज आणि मक्याची कणसं भाजावीत. हल्ली काही नवी माणसं महागाच्या गाड्या घेऊन येतात, दुकानातून विकत आणलेलं हिरवं उपरणं गळ्यात घालतात आणि आमच्याच शेगडीवर कोळंबी ठेवतात. आयत्या बिळावर नागोबा. त्यांना खायला घालावं, पाहुणे आहेत, पण चिमटा त्यांच्या हातात देऊ नये.

कलम चार. हे मालमत्तेबद्दल नाही. वकीलबाई डोना क्रेसल यांनी ते गाळायला सांगितलं, मी गाळलेलं नाही.

साळिंदरांचं काय होणार, ते मला ठाऊक आहे आणि माझ्यामागे कोणी 'व्हर्लाने सांगितलं नव्हतं' असं म्हणू नये म्हणून लिहून ठेवते. कोच रीव्ह जाणार. टीव्हीवर तो म्हणतो, मार्लो फोर्क माझं घर आहे. पण त्याच्या बायकोने परसात कुत्र्यासाठी कुंपण घालायला माणूस बोलावला होता, आणि दोन आठवड्यांपूर्वी त्याला 'आता नको' म्हणून परत पाठवलं. ज्याला राहायचं असतं तो कुंपण घालतो. कोच गेला की चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक जाईल. आजकाल पोरं पैसे आणि दप्तर घेऊन एका वर्षात तीन कॉलेजं करतात, आणि त्यांनी तरी का करू नयेत, गुडघे त्यांचे आहेत. त्याच्यामागे त्याला सांभाळणारी पुढच्या खेळाडूंची सगळी रांग जाईल. आणि अशा वेळी कॉलेजचे विश्वस्त काय करताहेत, तर मोठ्या लीगमध्ये उडी मारायला निघालेत. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. तिथे गेल्यावर आम्हाला दर शनिवारी पन्नास गुणांनी झोडपतील, आणि झोडपताना बघायला म्हणून पश्चिमेच्या जुन्या स्टँडात काचेच्या खोल्या बांधताहेत, आत सोफे आणि हीटर.

मला जिंकण्याचं वावडं नाही. केलर टेकला हरवलं त्या दिवशी मी रडले, आणि लपवलं नाही. पण रस्त्यात कोणी 'काटे वर' म्हणून हात उंचावला की मी हात वर करते आणि त्या रात्री छताकडे बघत पडते. आम्ही हरत होतो तेव्हा मी शांत झोपत होते. तेव्हा पेट्रोलची टाकी भरली की सामन्याचं तिकीट फुकट मिळायचं आणि लोक म्हणायचे, राहू दे, त्यापेक्षा काच पुसून दे. जिंकायला लागल्यापासून माझ्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे, आणि मला ते सांभाळता येत नाही.

कलम पाच. पश्चिम स्टँड, सेक्शन चौदा, रांग एकतीस, जागा सात आणि आठ. हे मृत्युपत्र मुळात या कलमासाठी आहे, बाकीचं सगळं जोलीनने न भांडता वाटून घेतलं असतं.

सात माझी, आठ एल्डनची. तो गेल्यावर आठ नंबरवर मी थर्मास ठेवते आणि तिचे पैसे भरते. नऊ नंबरवर ऑरिन लिंडक्विस्ट बसतो. धान्याच्या कोठारावर होता, आता निवृत्त, बायको-मुलं कधी केलीच नाहीत. आधी एल्डनच्या डोक्यावरून आणि आता थर्मासवरून आम्ही दोघं रेफरींना शिव्या देत आलो आहोत.

कॉलेजच्या तिकीट कचेरीचा नियम असा, की धारकामागे जागा नवऱ्याला, बायकोला किंवा पोटच्या मुलामुलीलाच मिळते. तसं कोणी नसेल तर ती कॉलेजकडे परत जाते आणि तिथून प्रतीक्षायादीवरच्या माणसाला. पूर्वी त्या यादीवर चिटपाखरू नव्हतं. आता नवसाने झालेल्या पोरांची नावं जन्मल्या दिवशी तिथे घालतात.

जोलीनशी मी फोनवर बोलले.

"आई, जागा माझ्या नावावर कर ना. ट्रेंटच्या ऑफिसातले लोक सारखे विचारतात."

"ट्रेंटच्या ऑफिसातले लोक पाच वर्षांपूर्वी कुठे होते?"

"आई, अगं, पाच वर्षांपूर्वी मी तरी कुठे होते?"

खरं बोलली. खोटं बोलायची तिला सवय नाही, एवढं मी शिकवलं. ती जागा विकेल, ऑफिसातली माणसं गारठ्यात दोन-तीन सामने बसतील, आणि संघ हरायला लागला की घरी जातील. मला तिथे असा माणूस हवा, जो नोव्हेंबरात गारा पडत असताना आणि आपण तीस गुणांनी मागे असताना उठणार नाही. असा मला एकच माणूस माहीत आहे. म्हणून या दोन्ही जागा मी माझा बाकावरचा शेजारी ऑरिन लिंडक्विस्ट याला देते. वकीलबाई म्हणाल्या, हे कलम तिकीट कचेरीत पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही. मी म्हटलं, तुम्ही लिहा.

नियम ऑरिनलाही ठाऊक होता. घरचा शेवटचा सामना होता त्या दिवशी, शेगडीपाशी, मी हीच चिंता बोलून दाखवत होते. तो सॉसेज उलटत होता.

"मग लग्न करू या," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"आपलं. नियमात बसतं."

"तुझं ते सॉसेज जळतंय," मी म्हटलं, आणि सगळे हसले, तोही हसला. मी तेव्हा तेवढ्यावर सोडून दिलं.

नंतर मी नियम नीट विचारायला तिकीट कचेरीत गेले. खिडकीवरची मुलगी नकाशा बघून म्हणाली, "तुमच्या सात-आठ राहताहेत, आजी. नऊपासून पुढचं पाडणार, काचेच्या खोल्यांचा जिना येतोय. मिस्टर लिंडक्विस्टना आम्ही उत्तरेच्या टोकाला जागा देऊ केली, त्यांनी अजून सही केलेली नाही." म्हणजे त्याने सॉसेज उलटताना मला जे विचारलं, ते स्वतःची जागा जाणार हे माहीत असताना विचारलं. माझं डोकं असं तापलं की डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून मी चालत त्याच्या घरी गेले. तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.

"तुझी जागा जातेय हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कीव करून हो म्हणाली असतीस."

"आणि नाही सांगितलंस म्हणून मी आता काय समजू? मागणी कोणाला घातलीस रे, मला की बाकाला?"

तो खरवडत राहिला. ऑरिनला उत्तर द्यायला वेळ लागतो, सामन्यातसुद्धा तो टाळ्या सगळ्यांच्या नंतर वाजवतो.

"व्हर्ला, ते हरायचे दिवस आठव. अख्खा स्टँड मोकळा असायचा. दारावरचा तो म्हातारा दर शनिवारी म्हणायचा, अरे खाली जा, मधोमध बसा, कोण विचारतंय. गेलो मी?"

"तू हट्टी आहेस म्हणून नाही गेलास."

"हट्टी तुम्ही दोघं. तुम्ही उठला नाहीत म्हणून मी उठलो नाही. नाहीतर नऊ नंबरवर कोण बसेल? खांब मधे येतो. उत्तरेच्या कोपऱ्यातला एक टचडाऊन मी आजवर धड बघितलेला नाही. तू ओरडलीस की मला कळायचं."

"आणि एल्डन होता तेव्हा?"

"एल्डन होता तेव्हा मी तुम्हा दोघांचा शेजारी होतो," तो म्हणाला. "त्यात मला काही कमी नव्हतं."

मी तशीच चालत परत आले. बसवेना, उभं राहवेना. घरातली सगळी कपाटं आवरली, मग परत विस्कटली. काल दुपारी मैदानाच्या राखणदाराला सांगून आत गेले आणि पायऱ्या थांबत थांबत चढले. सात नंबरवर बसले. सगळं मैदान दिसतं. मग आठ ओलांडून नऊ नंबरवर बसले, जी जागा मला इतकी वर्षं नुसती ऑरिनची म्हणून माहीत होती. खांब आहे. मान कुठेही वाकवली तरी तो कोपरा दिसत नाही. त्या थंड बाकावर बसून मला आधी एल्डनची आठवण आली, मग ऑरिनची आली, आणि दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात याचं मला नवल वाटलं.

कलम सहा. ऑपरेशन बिघडलं तर अंत्यविधी सामन्याच्या शनिवारी करू नये. माझी राख मैदानावर चोरून टाकू नये. गवत खराब होतं, आणि तिथे आधीच खूप जण आहेत. ऑपरेशन नीट झालं तर हे सगळं कागद म्हणून राहील आणि मी पुढच्या हंगामाला जागेवर असेन, संघ कोणत्याही लीगमध्ये असो आणि कितीने हरत असो.

कलम सात. मला गाडी चालवायला बंदी आहे, त्यामुळे इथे वकीलबाईंकडे मला ऑरिननेच आणलं. तो साक्षीदार व्हायला तयार होता. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करायची नसते, असं सांगून वकीलबाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. 'मला काय मिळतंय?' असं तो जाताना विचारत होता. म्हणून हे शेवटचं कलम. काउंटीच्या न्यायालयात लग्नं गुरुवारी सकाळी लागतात, शनिवारच्या आत ते उरकतं. कलम पाचमध्ये जिथे 'शेजारी' हा शब्द आहे, तिथे गुरुवारपासून 'नवरा' असा वाचावा, आणि त्याने आठ नंबरवर बसावं. वकीलबाई म्हणाल्या, हे लिहिण्याआधी ऑरिनना विचारायला नको का? मी म्हटलं, त्याचं विचारून झालंय. माझं उत्तर तेवढं राहिलं होतं.

वरचा मजकूर मी स्वतः सांगितला, परत वाचून घेतला, एक शब्द खोडला नाही, आणि खालच्या दोघांच्या देखत सही केली.

सही: व्हर्ला ऑस्टबी

साक्षीदार:
१. लिओन डफी, टपाल खात्यातून निवृत्त, सेक्शन अकरा
२. रोबर्टा सिमेक, वकीलबाईंच्या कचेरीतल्या, फुटबॉल बघत नाहीत

ठिकाण: मार्लो फोर्क, नेब्रास्का
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५