त्रिशूळ टेकवायचा नाही

२ नोव्हेंबर १९९६, शनिवार

आजपासून दिवाळीची सुट्टी. शेवटचा डबा खाताना शकुन म्हणाली, "दीदी, चौरागढ़ चलोगी? त्रिशूल चढ़ाना है." पचमढीचा डोंगर, वर महादेव. मी म्हटलं, महाकाल घराशी, रामघाटावर दर सोमवारी जातेस, तेवढं पुरत नाही? काखेत कळसा नि गावाला वळसा. ती हसली नाही.

कारण विचारायची गरजच नव्हती. तिचे यजमान कैलाशजी कामाला होते ती मिल बंद पडून तीन वर्षं झाली. तरी हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसतो, संध्याकाळी परत येतो. घर चालतं ते श.च्या पगारावर, ती आमच्या शाळेत मुलींना शिवण शिकवते. तिचा भाऊ पीथमपूरला बोलावतोय, कारखान्यात जागा आहे म्हणतो. कैलाशजींचं एकच, "और मिल खुल गई तो?"

मिल नाही उघडली तर आज ना उद्या हे लोक जाणार. वीस वर्षं मी हिच्याबरोबर डबा खातेय. आई गेल्यावर या घरात माझ्याशी भांडायला येणारी ती एकटीच. म्हणजे मिल उघडायला मलाही हवी आहे, माझ्या मतलबासाठी.

हो म्हटलं. उंचावर मला चक्कर येते हे सांगितलं नाही.

७ नोव्हें.

श.कडे गेले. त्रिशूळ तयार. कैलाशजींनी स्वतः केला, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. मिलमध्ये फिटर होते, हात अजून तसाच आहे. तिन्ही टोकं एकसारखी, सांधा शोधून सापडत नाही. श.च्या डोक्याच्या वर जातो. उचलून बघितला आणि लगेच परत दिला.

नियम त्यांनीच समजावला. "पहाड़ शुरू हुआ कि ज़मीन पे नहीं टिकाना. ये थक जाए तो आप पकड़ लेना, बहनजी." म्हणजे मला नेतायत ते भाविक म्हणून नाही, खुंटी म्हणून.

तुम्ही का नाही येत? "मिल का कुछ हुआ तो? कोई तो यहाँ होना चाहिए ना." श. दिवाळीचे अनारसे तळत होती. तिने वर बघितलं नाही.

१४ नोव्हें., पिपरिया

गाडी लेट. त्रिशूळ वरच्या बर्थवर, आम्ही दोघी खाली अंग चोरून. टी.सी.ने आमची तिकिटं न बघता त्रिशुळाला हात जोडले. श. म्हणाली, पुढच्या वेळेस नुसता त्रिशूळच घेऊन निघायचं. खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

१५ नोव्हें., पचमढी

पाय हलत नाहीत पण आजच लिहायला हवं.

जीपने महादेवाच्या गुहेपर्यंत. तिथून जंगल, चढ, मग उतार (चढायला आलोय तर उतार कशाला?), मग पायऱ्या. शिवरात्रीला म्हणे इथे पाय ठेवायला जागा नसते. आज आम्ही, माकडं आणि उतरणारी एक म्हातारी. म्हातारी त्रिशूळ बघून म्हणाली, "दो जनी हो ना? तो पहुँच जाओगी."

श. थोडं चालायची, थांबायची. "दीदी, थोड़ा पकड़ लो." मी घ्यायची. ती दम खायची, पाणी प्यायची, परत घ्यायची. बोलणं तेवढंच. गणितात मी मुलींना शिकवते, दोघांनी काम केलं तर वेळ निम्मा लागतो. इथे दुप्पट लागत होता.

वरच्या टप्प्यात पायऱ्या कड्याला लागून आहेत. एका बाजूला काही नाही. मी खाली बघितलं. नको ते केलं. डोळ्यांपुढे सगळं फिरलं, तिथेच बसले, पायरीला दोन्ही हातांनी धरून. उठता येईना, उतरताही येईना. एवढी मोठी बाई, रडायला लागले.

श. त्रिशूळ खांद्यावर घेऊन उभी. तो खाली ठेवला तर मला हात देता येईल, पण ठेवता येत नाही. मला म्हणायचं होतं, ठेव गं, महादेव काय बघतोय? म्हटलं नाही. मग तिने वाकून तो लोखंडाचा दांडा सरळ माझ्या खांद्यावर दिला. "पकड़ो दीदी. मैं थक गई." थकली बिकली काही नव्हती. पण तो पडू नये म्हणून मला पायरी सोडून दोन्ही हात वर न्यावे लागले, आणि हात वर गेले तशी उठलेही. वजन एवढं की दरीकडे लक्ष द्यायला फुरसत नाही. शेवटचा टप्पा मीच नेला. ती मागून माझा पदर धरून.

वर त्रिशूळच त्रिशूळ. गंजलेले, नवे, एकावर एक ढीग. आमचा श.ने उभा करून दिला. डोळे मिटले. मी देवाबिवाला मानत नाही. तरी मिटले आणि म्हटलं, मिल उघडू दे.

उतरताना ती पुढे, माझी नजर तिच्या टाचांवर. म्हटलं, आता उघडेल गं मिल. ती थांबली.

"मैंने मिल नहीं माँगी, दीदी."

मग?

"मैंने माँगा इनकी आस टूट जाए. खुले न खुले, ये गेट से उठ जाएँ बस." मग म्हणाली, "अपने हाथ से बनाके दिया उन्होंने. और मैं वही लेके उल्टा माँग आई."

मी काय मागितलं ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एकाच त्रिशुळावर दोन उलट मागण्या.

१७ नोव्हें., उज्जैन

गुडघे सुजले. कैलाशजी पेरू घेऊन आले. "बहनजी, रास्ते में टिकाया तो नहीं?" नाही म्हटलं. केवढं समाधान त्या चेहऱ्यावर. त्यांच्याकडे बघवेना.

९ डिसें.

श. डब्यासमोर रडली. काल कैलाशजी दुपारीच घरी आले. डबा न उघडलेला. म्हणाले, "लिख दो तुम्हारे भाई को, आ रहे हैं." बस, एवढंच. नंतर झोपले, संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मनात मात्र संताप. देव ऐकतो तर हिचंच का? तो त्रिशूळ निम्मा मी नेलाय.

२० डिसें.

भाजीवाली म्हणाली, मिलचं गेट रंगवतायत. खरं वाटेना. टेम्पो करून गेले. खरंच, अर्धं गेट हिरवंगार, अर्धं तसंच. चौकीदार म्हणाला, "ऊपर से आदेश है. चालू करेंगे कि बेचेंगे, हमको कौन बताएगा."

तशीच श.कडे. कैलाशजी पोती आणायला फ्रीगंजला गेले होते. ऐकून ती खाली बसली. "इनको मत बोलना, दीदी."

आणि उघडली तर?

"और नहीं खुली तो? फिर तीन साल बैठेंगे."

ते त्या रस्त्याने आता जातच नाहीत म्हणे. वळसा घालून येतात.

२८ डिसें., शनिवार

उद्या निघतात. आज दोघांना जेवायला बोलावलं. कैलाशजींना माझी चिंचगुळाची आमटी आवडते. तीन वाट्या प्यायले. पीथमपूरच्या खोलीबद्दल बोलले, पाणी कधी येतं, बाजार किती लांब. मला वाटलं, सुटला हा माणूस.

मग हात धुताना, नळाकडे बघत, "बहनजी, आप तो आती-जाती रहती हैं. मिल का कुछ सुना?"

श. ताटं उचलत होती. हातातलं ताट तसंच राहिलं.

एक शब्द बोलले असते तर हे दोघं राहिले असते. सोमवारी श. माझ्यासमोर डबा उघडून बसली असती. जिभेवर आलं होतं. आणि नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाशी सरळ खोटं बोलणं, ज्याने मला विश्वासाने त्रिशूळ सोपवला.

म्हटलं, चौकशी करते, सकाळी सांगते. भित्री कुठची.

ते पुढे गेले. श. चप्पल घालायच्या निमित्ताने मागे राहिली. माझा हात धरला. "दीदी, थोड़ा और पकड़ लो."

सामानाची मेटाडोर आठला येणार आहे. कैलाशजी त्याआधीच माझ्या दारात उभे राहतील, मी ओळखते त्यांना. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.