एकशे चौऱ्याऐंशी नावांचा प्रस्ताव

हिवरकुंड, ता. जाफराबाद
४ जानेवारी २०२५

चि. निवेदितास,
श्रीपतीकाकाचे अ. उ. आ.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दामच फार बोललो नाही. फोनवर बोललेल्याची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून लिहितो आहे. या पत्राचा फोटो काढून कल्याण तुला पाठवील. उत्तरही पत्रानेच दे, तो छापून आणून देतो.

कल्याण म्हणजे आपल्या द्वारकाबाईचा मुलगा, झेरॉक्सच्या दुकानाचा. द्वारकाबाई गेल्या महिन्यात आठ दिवस जालन्याला दवाखान्यात होती. किडनीला सूज. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तिने सांगितलं, रोज पोटभर, गुरुवारी बिलकुल नाही. गुरुवारी आपल्या गावचा बाजार. ती उजाडताच भाजी घेऊन बसते ती दिवस मावळेपर्यंत, आणि त्या बाजारतळावर बाईमाणसाला जायला आडोसा नाही. पाटी सोडून कोणाच्या घरी जावं तर मागे जनावरं तोंड घालतात. पुरुषांना अख्खा तळ मोकळा आहे. चौदा गावांच्या दोनशे बायका दर गुरुवारी तहान मारून बसतात, आणि मी चाळीस वर्षं याच तळावर उभं राहून स्वातंत्र्यावर भाषणं केली. हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं, तेही एका डॉक्टरकडून. असंच चालू राहिलं तर एक किडनी जाईल, असं त्यांनी बजावलं आहे. बाजार सोडला तर खायचं काय, असं ती म्हणते. दोघांचंही बरोबर आहे.

एका संस्थेने ‘गावकाम’ नावाचं संकेतस्थळ काढलं आहे. जिल्ह्यातल्या कोणीही आपल्या गावाचं काम तिथं मांडायचं, लोकांनी वाचून पाठिंबा द्यायचा. सर्वांत जास्त पाठिंब्याची दहा कामं संस्था बांधून देणार. मुदत महिनाअखेर. मी प्रस्ताव लिहिला आहे. अकरा पानं. तू तेवढा चढवून दे.

काकू बरी आहे. तुझ्या लग्नाविषयी विचारायचं नाही असं तिने ठरवलं आहे, आणि तसं तुला कळवायला सांगितलं आहे.

कळावे. लोभ आहे, तो आळसापायी कमी होऊ देऊ नये.
तुझा,
श्रीपतीकाका


पुणे
८ जानेवारी २०२५

ती. श्रीपतीकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा पानं दोनदा वाचली. बायकांच्या तहानेवरचा मजकूर मी ऑफिसात शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवला. मग तिने विचारलं, पण तुझ्या काकांना हवंय काय?

काका, मलाही तो प्रश्न पडला. पहिल्या चार पानांत अथेन्सचा बाजार आहे, पुढच्या तीनांत निजामाच्या अमदानीतला. आपला बाजार आठव्या पानावर भरतो. अकराव्या पानाच्या तळाशी ‘ती अत्यावश्यक सोय’ असे शब्द आहेत. कोणती सोय, ते वाचणाऱ्याने ओळखायचं आहे.

दुसरी अडचण अशी की संकेतस्थळाच्या चौकटीत दोन हजार अक्षरं मावतात. तुमच्या हस्ताक्षरात सव्वा पान. म्हणून मी नऊ ओळींचा मसुदा केला आहे, सोबत आहे. पहिलीच ओळ अशी: बाजारतळावर बायकांसाठी मुतारी आणि पाण्याची टाकी हवी. पुढे द्वारकाबाईंची हकीकत, त्यांना विचारून. तुम्ही होकार कळवलात की पाच मिनिटांत चढवते.

काकूला सांगा, न विचारल्याबद्दल आभारी आहे. उत्तर तेच आहे.

लोभ अकरा पानांचा असू द्यावा, मसुदा नऊ ओळींचा.
आपली,
निवेदिता


हिवरकुंड
१५ जानेवारी २०२५

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

तुझा मसुदा मिळाला. स्वच्छ आहे. पण त्यात माणसं नाहीत. खाली एकट्या माझं नाव लावलं तर गाव म्हणेल, मास्तरांनी स्वतःचं घोडं पुढे दामटलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ज्याचं नाव नाही तो मांडवात पाऊल ठेवत नाही, हे तू पुण्यात राहून विसरलीस. गावाचं काम आहे तर गावाचं नाव हवं. म्हणून नावं घातली. एकूण एकशे चौऱ्याऐंशी.

क्रम लावायला तीन बैठका झाल्या. देवानंदचं नाव आपल्या वर आलं म्हणून कचरू रुसला. वयाप्रमाणे लावू म्हटलं, तर दोघांनी जन्माचे दाखले आणले आणि दोन्हींवर एकाच सालचा एक जून निघाला. शेवटी ‘मार्गदर्शक’ असा वेगळा गट काढून कचरूला त्यात घेतलं. मग आणखी तेवीस जणांना मार्गदर्शन करायचं होतं. पहिलं नाव माजी सरपंच अप्पारावांचं आहे, त्यावर वाद झाला नाही.

नावं आधी आणि मागणी शेवटी ठेवली आहे. लोकशाहीत माणूस आधी. तुझ्या पहिल्या ओळीचे शब्द थोडे बदलले आहेत, त्याबद्दल पुन्हा कधी. तुला त्रास नको म्हणून कल्याणकडूनच काल चढवून घेतलं. यंत्राने हिरवी खूण दाखवली. अप्पारावांनी पेढे वाटले.

कळावे. लोभ वाढता ठेव. कमी कसा होतो ते मी बैठकांत पाहिलं आहे.
तुझा,
श्रीपतीकाका


पुणे
२४ जानेवारी २०२५

ती. श्रीपतीकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रस्ताव पाहिला. वर ‘समस्त ग्रामस्थ, हिवरकुंड’ आहे आणि लगेच नावं सुरू होतात. एकशे सत्तेचाळिसावं नाव ‘श्री. राधेश्याम भा’ इथं तुटलं आहे. दोन हजार अक्षरं तिथं भरली. पुढचं यंत्राने घेतलंच नाही. त्यात सदतीस माणसं गेली, आणि मागणीही गेली. हिरवी खूण म्हणजे चौकट भरली, एवढाच अर्थ.

बातमी चांगली की वाईट ते तुम्हीच ठरवा: प्रस्तावाला नऊशे बारा जणांचा पाठिंबा आहे आणि तो जिल्ह्यात चौथा आहे. ज्याचं नाव आलं त्याने दिला, त्याच्या सोयऱ्यांनी दिला, सुरतेच्या भावकीने दिला. खाली लोकांनी ‘हार्दिक अभिनंदन’ असं लिहिलं आहे. वडीगोद्रीच्या एका गृहस्थांनी मुहूर्त किती वाजताचा, असं विचारलं आहे. कामाविषयी कोणी विचारलेलं नाही.

मी आधी हसले. मग द्वारकाबाई आठवल्या, म्हणून नावं पुन्हा वाचली. एकशे सेहेचाळीस पूर्ण नावांत एकही बाई नाही. त्यासुद्धा नाहीत.

पाठिंबा मिळाल्यावर मजकूर बदलता येत नाही. खाली एक खुलासा जोडता येतो, एकदाच. पहिल्या दहांत टिकलो तर सहा फेब्रुवारीला, गुरुवारी, संस्थेच्या इंजिनिअर जागा पाहायला येणार आहेत. तेव्हा काम कोणतं हे गावाने स्पष्ट सांगितलं नाही, तर प्रस्ताव बाद होईल.

काका, माझी पहिली ओळ कोणी बदलली?

रागावून लिहिलेलं नाही. थोडं रागावून लिहिलं आहे. लोभ त्याहून जास्त आहे.
आपली,
निवेदिता


हिवरकुंड
२८ जानेवारी २०२५

चि. निवेदितास,
शैलाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी उशीखाली ठेवलं आहे. उत्तर लिहायला बसतात आणि उठतात. म्हणून मी लिहिते.

ओळ अप्पारावांनी बदलायला लावली. म्हणाले, हे सगळ्या जगाला दिसतं. गावाच्या नावाखाली तो शब्द आला तर पोरांच्या सोयरिकी जुळतील का? ह्यांनी विरोध करायला हवा होता. नाही केला. घरी येऊन मला म्हणाले, शब्द खरंच जरा कानाला खटकतो. मी विचारलं, दवाखान्याच्या कागदावर लिहिलेला आजार नाही खटकला? तेव्हापासून घरात शांतता आहे. इतकी वर्षं मी ती मागत होते, पण अशी नको होती.

परवा द्वारकाबाई आली. कल्याणने तिला सगळी नावं वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, बराबर हाय, सगळे आलेत, कामच तेवढं राह्यलं. तिने तिथंच खुलासा सांगितला, कल्याणने लिहून घेतला आणि मी चढवायला लावला. ह्यांना विचारलं नाही. तू तो वाचलाच असशील. मला तेवढ्या पाच वाक्यांत कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही.

ह्यांना कडक लिहू नकोस. पण मऊही लिहू नकोस.

मी काही विचारत नाही, हे लक्षात असू दे, आणि माया आहेच.
तुझी,
शैलाकाकू


हिवरकुंड
७ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: ओळ अप्पारावांनी बदलायला सांगितली आणि मी बदलली. गुन्हा दुसऱ्याचा होता असं मी कुठे म्हणणार नाही.

काल इंजिनिअर आल्या. चिन्मयी नाव, तुझ्याच वयाच्या. स्वागताला बहुतेक सगळी नावं हजर होती. आपल्याला का गाळलं, हे विचारायला उरलेली सदतीसही होती. अप्पाराव नारळ घेऊन उभे. बाईंनी वही उघडली आणि विचारलं, काम कोणतं?

खुलासा गावातल्या प्रत्येकाने वाचला होता. कोणी बोलेना. सगळे माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मी माईक घेतला. संस्कृतीची परीक्षा तिच्या बाजारात होते, असं सुरू केलं. चार मिनिटं झाली. बाईंच्या वहीत अक्षर उमटलं नव्हतं. तेवढ्यात पाट्यांमागून द्वारकाबाईचा आवाज आला.

“गुर्जी, तुमचं ऱ्हाऊ द्या. माझं वाचा.”

कल्याणने छापलेला कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. तुला पाठ असेल, तरी लिहितो, कारण मला हाताने एकदा लिहायचा आहे:

“मी द्वारकाबाई. गुरुवारी बाजारात भाजी इकते. बायकांना मुतारी न्हाई म्हून दिवसभर पाणी पेत न्हाई. आम्हाला मुतारी बांधून द्या. दाराला आतून कडी पायजे.”

तो शब्द माझ्या तोंडून प्रथमच माईकवर गेला. काही झालं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. बाईंनी मात्र सगळं उतरून घेतलं आणि कडीखाली रेघ ओढली. मग त्यांनी जागा विचारली, तेव्हा एकदम सगळ्या पुरुषांना वाचा फुटली. गोदामामागे. नाल्यापलीकडे. कोणाला दिसणार नाही अशी.

बायका तोवर उठल्या होत्या. साठ-सत्तर असतील. द्वारकाबाई पुढे झाली आणि तिने बाईंना तळाच्या मध्यावर, अप्पारावांच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं. मी म्हणालो, इथं तर सगळ्यांना दिसेल. ती म्हणाली, “दिसाया पायजे, गुर्जी. आडबाजूला गेलं की मागून कोन येतंय, ते तुम्हाला म्हाईत न्हाई. आम्हाला हाय.”

मी भरपूर वाचलं आहे, निवेदिता. हे त्यात कुठे नव्हतं. बाईंनी तिथंच चुन्याने चौकट आखली. अप्पारावांनी नारळ चौकटीबाहेर फोडला. दुकानाचं तोंड दुसरीकडे वळवण्याचा विचार आहे, असं ते काल म्हणत होते. द्वारकाबाईने त्यांना सांगितलं, जल्दी न्हाई, बांधकामाला तीन महिने हायेत.

या तीन महिन्यांसाठी काकूने व्यवस्था लावली आहे. दर गुरुवारी दोनदा द्वारकाबाई आपल्या घरी येणार, आणि तेवढा वेळ तिच्या पाटीजवळ मी बसणार. काल बाई गेल्यावर सुरुवात केली. द्वारकाबाई निघताना माझ्याजवळच्या तांब्यातलं पाणी उभ्यानेच सगळं प्याली, आणि वळून म्हणाली, “गुर्जी, बोलू नका. नुस्तं इका.”

मेथीच्या अकरा जुड्या गेल्या.

कळावे. लोभ ठेव, त्याला नाव खाली लावलं नाही तरी चालेल.
श्रीपतीकाका