सिनेमाचा आवाज बंद केला ती दुपार

आप्पा, काल शाळेत मधल्या सुट्टीत दोन शिक्षकांचा वाद झाला आणि मला तुमची आठवण आली. वाद तसा बिनकामाचा. एक म्हणत होते की पूर्वी डीव्हीडीवर सिनेमाबरोबर बाकीचं किती काय काय मिळायचं: सिनेमा कसा काढला ते, कापलेले प्रसंग, दिग्दर्शकाचं बोलणं, आणि आपल्याला हवं ते बटण दाबून बघता यायचं, घरी सिनेमा बघायची खरी मजा त्यातच होती. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, सिनेमा नुसता बघावा, त्याची शिवण उसवून बघू नये. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. पण तास घेताना, घरी आल्यावर, भाकरी थापतानासुद्धा तेच डोक्यात फिरत राहिलं. म्हणून आज वही घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं.

पाटोद्याच्या त्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर होता, आणि सिनेमाच्या बाबतीत गावात तुमच्या शब्दाला वजन होतं. लोकांना वाटायचं, यांनी हजारो सिनेमे बघितलेत. तुम्ही मात्र म्हणायचात की मी एकही सिनेमा धड बघितलेला नाही. एका मशीनवरचं रीळ संपायच्या आत दुसरं मशीन सुरू करायचं, दिव्यासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या सरकवत राहायचं, संपलेलं रीळ हातानं उलटं गुंडाळायचं, आणि या सगळ्यातून सवड मिळाली तर त्या वीतभर झरोक्यातून पडदा बघायचा. आपल्याकडं पोचेपर्यंत सिनेमाची रिळं झिजून गेलेली असत. मध्येच तुटायची. मग अंधारातून ओरड व्हायची, "ऑपरेटर झोपला का बे?" तुम्ही शांतपणे दोन टोकं जोडून पुन्हा दिवा लावायचात. मी लहानपणी विचारलं होतं की लोक एवढं ओरडतात, तुम्हाला राग येत नाही का. तुम्ही हसला होता. तुमच्या शांतपणाचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

पुढे त्याच शांतपणाचा मला राग यायला लागला. बारावीनंतर बीडला डी.एड.ला माझा नंबर लागला, त्या दिवशी मी धावत टॉकीजवर आले होते. दुपारचा खेळ चालू होता. वीज गेली होती, जिन्याखाली जनरेटर धडधडत होता, आणि वर केबिनमध्ये मशीनचा खडखडाट. तुम्ही माझ्याकडं पाठ करून रीळ गुंडाळत होता. मी म्हणाले, आप्पा, माझा डी.एड.ला नंबर लागला. तुम्ही मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, "बरं. जा घरी, आई वाट बघत असंल." आणि पुन्हा रिळाकडं वळलात. मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. घरातली पहिली मुलगी शिकायला बाहेर निघालेली, आणि बापाला त्याचं एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेढे आणलेत, पण मी धरून चालले की ते आईनं सांगितलं म्हणून. त्या गोष्टीची गाठ मी पुढं बरीच वर्षं मनात ठेवली, आप्पा. कड्याच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, तरी ती सुटली नाही.

मग केबल घरोघरी आली. टॉकीजमध्ये पुढच्या दोन रांगा भरायची मारामार झाली, आणि एक दिवस मालकानं टॉकीज बंद करून तिथं कापसाच्या गाठी ठेवायला सुरुवात केली. तुम्ही ओसरीत टेबल टाकून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला लागलात. मी सुट्टीला आले की आई एकच रडगाणं गायची. "टाकीज गेली तवापासून ह्येंनी माझ्याशी बोलणंच सोडलंय. मी हाका मारमारून थकते. माझा कटाळा आलाय त्यास्नी." तुम्ही समोर बसून स्क्रू पिळत असायचात. मलाही वाटायचं की हे रुसलेत, आपल्या सगळ्यांवर, घरोघरी आलेल्या टीव्हीवर, एकूण जगावरच. त्या रुसव्यावर उपाय म्हणून एका दिवाळीत आम्ही नगरहून डीव्हीडी प्लेअर घेऊन आलो. बरोबर एकच सिनेमा आणला, तुम्ही टॉकीजला तीन आठवडे चालवलेला. दुकानदार म्हणाला होता, यात सिनेमापेक्षा बाकीचंच जास्त आहे.

पहिल्या दिवशी काय झालं ते आठवून आजही हसू येतं. तबकडी घातली आणि मी चहा ठेवायला आत गेले. पडद्यावर यादी आली होती: सिनेमा, गाणी, पडद्यामागे, प्रश्नमंजुषा, आणि मागं नायक-नायिकेचा एक तुकडा फिरत होता. तुम्ही तो तुकडा पुन्हा पुन्हा बघत बसलात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गंभीरपणे म्हणालात की यांचा ऑपरेटर एकच रीळ फिरवून फिरवून लावतोय. मी रिमोट हातात दिला, कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. प्रश्नमंजुषा तुम्हाला अजिबात आवडली नाही. सिनेमा बघायला आलोय, परीक्षेला नव्हे, म्हणालात. कापलेले प्रसंग बघून तर चिडलातच. जे कापलं ते कापलं. रीळ तुटलं की जोडताना आम्हीही दोनचार चित्रं कापायचो, पाटोद्यानं बघितलेला सिनेमा मुंबईपेक्षा नेहमी थोडा आखूडच असायचा, त्यानं कुणाचं काय अडलं? मी म्हणाले, आप्पा, पण बघायला काय हरकत आहे? तुम्ही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. जेवणं झालेली, आई भिंतीला टेकून वाती वळते आहे, तुम्ही टीव्हीसमोर खाटेवर. मी रिमोटशी खेळताना आवाज बदलायचं बटण दाबलं जातं आणि सिनेमातल्या माणसांचे संवाद मागं पडून दिग्दर्शकाचं बोलणं सुरू होतं. नायकाची आई रडते आहे, आणि हा माणूस हिंदी-इंग्रजीत सांगतो आहे की त्या दिवशी सेटवर किती उकडत होतं. आई वैतागून माझ्याकडं बघते. मी आवाज परत आणणार, तेवढ्यात माझं तुमच्याकडं लक्ष जातं. तुम्ही हललेला नाहीत. नायकाच्या आईच्या शब्दाशब्दाला तुम्ही मान डोलावता आहात. मी थांबते. पुढं विनोदी प्रसंग येतो, दिग्दर्शक अजून उकाड्याबद्दलच बोलतो आहे, आणि तुम्ही अगदी नेमक्या जागी हसता. मग मी जे केलं ते चुकून केलं नाही. मी आवाज पूर्ण बंद केला. घरात फक्त पंख्याची घरघर. आई काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती आणि तुम्ही खाटेवर बसून सिनेमा ऐकत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. तुम्ही काहीतरी सांगायला आमच्याकडं वळलात आणि बघितलं की आम्ही दोघीही टीव्हीकडं नाही, तुमच्याकडं बघतो आहोत. तुम्ही आईकडं पाहिलंत, मग माझ्या हातातल्या रिमोटकडं.

"आवाज बंद हाय ना?" तुम्ही विचारलंत.

मी मान हलवली. तुम्ही तळहात गुडघ्यांवर घासलेत. मग म्हणालात, "मशीनीशेजारी लई वर्षं हुबा ऱ्हायलो. तिचा आवाज तेवढा अजून येतो. रातंदिस येतो. बाकीचं कमी कमी होत गेलं."

आईनं वाती खाली ठेवल्या. ती तुमच्यासमोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाली, "मंग मला सांगितलं कावून न्हाई?"

"बहिऱ्या ऑपरेटरला मालकानं ठेवला असता का? आन् टाकीज बंद झाल्यावर सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

आई रडली, पण तिच्या रडण्यात सुटकेचा भाग जास्त होता. इतके दिवस तिला वाटत होतं की नवऱ्याला आपला कंटाळा आला आहे. त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाक करता करता तुम्हाला समोर पाटावर बसवलं आणि तोंड तुमच्याकडं करून सगळं साठलेलं सांगितलं, शेजारणीच्या भांडणापासून मांजरीच्या पिलांपर्यंत.

कानाच्या डॉक्टरांकडं यायला तुम्ही महिनाभर लावलात. कानाचं मशीन बसवल्यावर पहिले आठ दिवस तुम्ही ते काढूनच ठेवत होता, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून. नंतर हळूहळू कान सरावला. आणि मग जी गंमत झाली तिची कल्पना त्या दुकानदारालाही नसेल. सिनेमा बाजूलाच राहिला, तुम्ही पडद्यामागचंच बघायला लागलात. त्यात एक आवाजवाला माणूस होता. नारळाच्या करवंट्या फरशीवर आपटून तो घोडा पळवायचा. सुपात धान्य घोळवून पाऊस पाडायचा. आयुष्यभर तुम्ही लोकांना पाऊस दाखवलात आणि तो असा एका खोलीत पडतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला मी आले तर तुम्ही स्वयंपाकघरात, आईच्या सुपात ज्वारी घेऊन, कान वाकडा करून उभे. "ऐक," मला म्हणालात, "ह्यो बारका पाऊस. आन् ह्यो मोठा." अर्धी ज्वारी जमिनीवर. आई खाली बसून दाणे वेचत होती आणि पुटपुटत होती की बहिरे होते तेच बरं होतं. ते तिनं मुद्दाम तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं होतं.

दिग्दर्शकाच्या बोलण्यावर तुमचा आधी आक्षेप होता. जेवायला बसलेल्या माणसाला स्वयंपाकीण मीठ किती घातलं ते सांगत बसली तर घास उतरेल का, असं तुमचं म्हणणं. पण एका रविवारी तुम्ही ते लावलंत. मी अधूनमधून अर्थ सांगत होते. एका गाण्याच्या वेळी तो म्हणाला की त्या दिवशी नायिकेला सडकून ताप होता आणि तिनं कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही सिनेमा थांबवलात. पडद्यावर ती बाई हसत होती. "तीन हप्ते हिला बघितलं मी," तुम्ही म्हणालात. "हिला ताप हाय हे दिसलंच न्हाई बघ."

कशी कोण जाणे, तेव्हा मला हिंमत आली. मी केबिनमधली ती दुपार सांगितली. जनरेटर, रीळ, माझा नंबर, आणि तुम्ही म्हणालात ते. तुम्ही ऐकत राहिलात. तुम्हाला ती दुपार आठवत होती. मी आलेली आठवत होती, माझी ओढणी कुठल्या रंगाची तेसुद्धा आठवत होतं. ऐकू मात्र काही आलं नव्हतं. आईनं घरी बोलावलंय असं मी म्हणत असेन, असा अंदाज तुम्ही केला होता. माझा नंबर लागल्याचं तुम्हाला त्या रात्री आईकडून कळलं, आणि पेढे तुमचे तुम्ही आणले होते.

तुम्ही टीव्ही बंद केलात. कानातलं मशीन बोटानं नीट बसवलंत आणि माझ्याकडं तोंड करून बसलात.

"आता म्हण," म्हणालात.

मी तेव्हा पस्तिशीला आलेली बाई. तरी म्हणाले, "आप्पा, माझा डी.एड.ला नंबर लागला."

"कुठं? बीडला?"

"हो."

"हॉस्टेल मिळंल का?"

"मिळंल म्हणतात."

"मंग काय," तुम्ही म्हणालात, "झकास झालं." आणि आईला हाक मारून चहा टाकायला सांगितलंत.

त्यानंतर सातआठ वर्षं तुम्ही होता. नवी तबकडी आणली की आधी पडद्यामागचं, मग सिनेमा, मग दिग्दर्शकाचं बोलणं, असा आपला रविवारचा क्रम ठरून गेला. त्यानं सिनेमा अधिक चांगला होतो का, हे मला आजही सांगता येणार नाही. काही सिनेमे त्यानं अगदी उघडे पडले, हेही खरं. पण नुसता सिनेमा लावला असता तर आपण तिघं पडद्याकडं तोंड करून गप्प बसलो असतो. या बाकीच्या गोष्टींमुळं तुम्ही सिनेमा थांबवायचात आणि बोलायचात, आणि आई मध्येच तुमची चूक काढायची. ते दिवस चांगले होते, आप्पा. मी त्यांच्यावर समाधानी आहे.

हे कागद मी वहीतच ठेवणार आहे. एकच सांगायचं राहिलं. दिग्दर्शकांच्या त्या लांबलचक बोलण्यांनंतर तुम्ही प्रत्येक वेळी विचारायचात, ऐकलंस का सगळं, आणि मी हो म्हणायची. मी त्यातलं एकही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तुम्हाला ऐकताना बघत बसायची.