पावाच्या गाडीवर नाटकाची तिकिटं

नाशिक,
गुरुवार

ती. मोतीरामदादांना,

शेखरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची शुगर आणि गाळ्यावरची मंडळी ठीक असतील असं धरून चालतो. कांद्याच्या भावाची चौकशी करत नाही, कारण तो चढला तरी तुम्ही वैतागलेले असता आणि उतरला तरी. इकडे सर्व क्षेम आहे. या काळात शेखररावांना पत्र लिहायची हुक्की कशी आली, असं तुम्ही म्हणाल. तर दादा, दिवाळीपासून मी तुम्हाला फोन करतोय आणि दरवेळी तुम्ही 'लिलाव चालू आहे, नंतर बोलतो' म्हणून ठेवून देता. (एकदा तर रविवारी दुपारी ठेवलात. रविवारी लासलगावात लिलाव नसतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.) पत्राचं बरं असतं, ते मधेच ठेवलं तरी पुन्हा उचलून वाचता येतं. लासलगाव गाडीवर माझा जुना सहकारी कंडक्टर आहे, त्याच्या हाती पाठवतोय. तुमच्या हातात दिल्याशिवाय हलायचं नाही असं त्याला बजावलं आहे, तेव्हा गाडीला उशीर झाला तर प्रवाशांच्या शिव्या तुम्हाला लागतील.

विषय वैष्णवीचा आहे. (ठेवू नका, वाचा.) दिवाळीच्या फराळाला तुम्ही जे बोललात ते मी विसरलेलो नाही. तुमची लेक आत्याकडे म्हणून आमच्या घरी राहून कॉलेज शिकली, तिथे नाटकाच्या नादाला लागली, आणि आता स्वतः लिहून स्वतः बसवलेलं नाटक नाशकात लावायचं म्हणते, हे कानावर पडल्यावर तुम्ही चकलीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालात, "शहरातला सगळ्यात मोठा हॉल एकदा भरून दाखव. तिकीट विकून, फुकटच्या पासवर नाही. एक खुर्ची जरी मोकळी दिसली, तर नाटक बंद आणि गुपचूप गाळ्यावर येऊन बसायचं." सगळे हसले, मीही हसलो. वैष्णवी तेवढी हसली नाही. "चालेल, अण्णा," म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण तुमच्या घरातलं माणूस भांडत नाही तेव्हाच त्याने मनात काहीतरी पक्कं केलेलं असतं. तुमच्या बहिणीबरोबर एवढी वर्षं संसार करून मी दुसरं काय शिकलो?

आता नाशिककरांचं तुम्हाला माहीतच आहे. नाटक म्हटलं की पहिला प्रश्न 'पास आहे का?' आमच्या कॉलनीत वैष्णवीचं कौतुक करायला सगळे आले. कोणी पेढे आणले, कोणी डोक्यावरून हात फिरवला, आणि निघताना दारात चपला घालता घालता प्रत्येकाने हळूच पास मागितले. (शेजारच्या वकिलांनी तर 'घरची माणसं किती धरायची?' असं मलाच विचारलं.) तिकीटविक्रीच्या खिडकीवर चार दिवस बसून वैष्णवीच्या लक्षात आलं की तिथे माणसं फक्त पत्ता विचारायला येतात. मोबाईलवरही तिकिटं ठेवली होती, पण ज्यांनी नाटक पाहावं असं तिला वाटत होतं ती माणसं मोबाईलवर भाव आणि हवामान बघतात. तेव्हा एके सकाळी चहा पिताना ती म्हणाली, माणसं खिडकीशी येत नसतील तर खिडकीच माणसांकडे न्यायची. मला वाटलं, नाटकातलं वाक्य पाठ करतेय.

पण दादा, दुसऱ्याच दिवशी दारात पावाची गाडी उभी. तिच्या नाटकाची प्रकाशयोजना करणारा नियाज नावाचा मुलगा आहे, त्याच्या वडिलांची जुन्या नाशकात बेकरी आहे. सकाळी पाव-खारीचा फेरा झाला की त्यांची गाडी दिवसभर नुसती उभी असते. गाडीच्या बाजूला वर उचलायची एक फळी आहे, ती उघडली की झाली खिडकी. आत पत्र्याला वैष्णवीने हॉलचा मोठा नकाशा चिकटवला, सगळ्या खुर्च्यांसकट. खुर्ची विकली गेली की तिच्यावर एक टिकली लावायची. (टिकल्या आमच्या हिच्या, सुमनच्या. सुरुवातीला तिने जुनी पाकिटं काढून दिली, आता लग्नाकार्याला राखून ठेवलेल्या खड्यांच्या टिकल्याही गेल्या आहेत आणि बाईसाहेब रोज साधं कुंकू लावतात.) गाडीला खारीचा वास, म्हणून तिकिटांना खारीचा वास. भोंगाही बेकरीचाच. तो वाजला की बायका सवयीने ताटली घेऊन बाहेर येत, आणि पाव संपलेत हे ऐकून हिरमुसायच्या आत वैष्णवी त्यांना नाटकाची गोष्ट सांगायला लागे. कितीतरी जणी ताटलीत तिकिटं घेऊन घरात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

खिडकीवर बसायचा मान अर्थातच मला मिळाला. सारा जन्म एसटीत कंडक्टर होतो, तिकीट फाडण्यात माझा हात धरणारा या जिल्ह्यात कोण आहे? मी जुना कोट घातला, कनवटीला चिल्लर बांधली आणि बसलो. पहिल्या बाई आल्या. मी विचारलं, "कुठं जायचं?" त्या गोंधळून म्हणाल्या, कुठंच नाही, इथंच राहते मी. पुढच्या गृहस्थांना मी सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवलं आणि त्यांच्या मागच्या मंडळींना आत सरकायला सांगितलं. (गाडीला आत असं काही नव्हतंच.) दुपारपर्यंत वैष्णवीने मला मोठ्या गोडीने, पण कायमचं, खिडकीवरून उठवलं आणि रांगेची व्यवस्था दिली. मी रागावलो होतो हे कबूल. पण मग ती खिडकीत बसली आणि मी खाली उभा राहून बघत राहिलो. प्रत्येक माणसाला ती विचारायची, शेवटचं पोट धरून कधी हसलात? आणि माणसं खरंच आठवायला लागायची. तिकीट घेण्यापूर्वी माणसाला असं थांबून आठवायला लावणं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

देवळाली कॅम्पात वेगळाच पेच पडला. फौजी कुटुंबं, शिस्तीची माणसं, पासाचं नावही काढलं नाही. पण तिकीट कोणी घेईना. सुभेदारांच्या बाई आधी विचारत की वरच्या साहेबांच्या बाई कुठल्या रांगेत बसणार आहेत, कारण त्यांच्या पुढे बसणं बरं दिसत नाही. साहेबांच्या बाई म्हणाल्या, कर्नलसाहेबांकडचं ठरू दे. अशी सगळी पलटण एकमेकींच्या मागे बसायला तयार, आणि पुढच्या रांगा ओस. मी वैष्णवीला म्हटलं, आता थेट कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर जायला हवं. तिने नुसतं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जाहीर केलं की आमच्याकडे खुर्च्या पोरांच्या उंचीवर मिळतात, ज्यांची पोरं लहान ती पुढे. झालं, बायका पोरांना पाठीला पाठ लावून उभं करून मोजायला लागल्या आणि हुद्दा सगळे विसरले. त्या संध्याकाळी नकाशाच्या पुढच्या रांगा लालेलाल झाल्या. वणीला तर खिडकी आणि रांग बघून गडावर निघालेल्या लोकांनी न सांगताच चपला काढल्या. एका म्हातारीने तिकीट कपाळाला लावलं. वैष्णवीने तिला हे देवीचं नाही, नाटकाचं आहे, असं दोनदा सांगितलं, तर म्हातारी म्हणाली, "असू दे बाई, कष्टाचं हाय ना."

आता पिंपळगावचं. हे तुमच्या कानावर गेलंही असेल, कारण व्यापाऱ्यांच्या फोनला विश्रांती नसते. नियाजने गाडी मार्केट यार्डात घातली ती नेमकी लिलावाच्या रांगेत. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, बाहेर काढायला जागा नाही. मी उतरून शिट्टी वाजवली, कोणी ढिम्म हललं नाही. तेवढ्यात लिलाव पुकारणारा आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एकेक ट्रॅक्टर घेत घेत आमच्यापर्यंत आला. काय माल आहे म्हणून विचारलं. वैष्णवी म्हणाली, नाटक. एखादा म्हणाला असता, रस्त्यातून गाडी काढा. पण बाजारातली माणसं ती, रांगेत उभं राहिलेल्याची पाळी चुकवत नाहीत. एक थोराड व्यापारी पुढे झाला आणि म्हणाला, "नमुना दाखवा. मूठभर माल हातात घेतल्याशिवाय आम्ही बोलत नाय."

दादा, मी हळूच गाडीमागे सरकलो. वैष्णवी मात्र गाडीतून उतरून शेजारच्या ट्रॉलीवर चढली. कांद्यांच्या ढिगावर जेमतेम तोल सांभाळत तिने नाटकातल्या बापाचा प्रवेश करून दाखवला. दोन्ही कानांना दोन फोन, एकीकडे भाव फोडतोय, दुसरीकडे गाडी भरतोय, आणि समोर त्याची लहान मुलगी शाळेत मिळालेलं बक्षीस दाखवायला उभी आहे. तो हातानेच तिला थांब म्हणतो. थांब, थांब, थांब. प्रत्येक वेळी तो हात वर करतो तेव्हा मुलगी थोडी मोठी झालेली असते, आणि शेवटी तो फोन खाली ठेवतो तेव्हा समोर कोणी नसतं. सुरुवातीला यार्ड खदखदून हसत होतं. शेवटाला हमालांनीसुद्धा पाट्या खाली ठेवल्या होत्या. तो थोराड व्यापारी बराच वेळ स्वतःच्या फोनकडे बघत उभा राहिला, आणि मग त्याने सवयीने बोली लावली. दुसऱ्याने चढवली. तिसऱ्याने आणखी. लिलाव पुकारणारा रंगात आला आणि मधल्या रांगांतल्या उरलेल्या खुर्च्यांचा भाव कुठल्या कुठे पोचला. मी तर मनात नवा हॉल बांधायला घेतला होता. पण वैष्णवीने हात जोडले. तिकिटावर छापलंय तेवढंच घेईन, म्हणाली, चढवायचं नाही आणि उतरवायचंही नाही. यार्डात असली भाषा कोणी ऐकली नसेल. वरचा भाव परत करणारी पोरगी खोटा माल आणणार नाही, असं ठरलं आणि व्यापारी घरच्यांसकट तिकिटं घेऊन गेले. रांग एवढी लागली की व्यवस्था बघताना माझा घसा बसला, तो अजून बसलेलाच आहे.

दादा, मी सहसा कोणाला मोठं म्हणत नाही. (सुमन म्हणते, स्वतःशिवाय.) पण या मुलीचा मला अभिमान वाटतो आणि तो इथे स्पष्ट लिहितो. उन्हात ती त्या पत्र्याच्या गाडीत भाजून निघाली, एका दिवसात शंभर वेळा 'पास नाही का?' ऐकून शंभर वेळा हसून 'नाही' म्हणाली, आणि घरी येऊन पुन्हा तालमीला उभी राहिली. तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही. उलट गाडीच्या खिडकीत ती भाव सांगायला मान तिरकी करते ना, ती अगदी तुमची लकब आहे. नाटक रविवारी आहे, 'आज लिलाव बंद' त्याचं नाव. तुम्ही तुमचं ठरवा, मी आग्रह करणारा कोण? वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
शेखर

ता. क. नकाशावर आता सगळीकडे टिकल्या आहेत, फक्त एक खुर्ची कोरी आहे, सुमनच्या शेजारची. गिऱ्हाइकं रोज ती मागतात, वैष्णवी देत नाही. काल मीच पैसे काढून ती तुमच्या नावाने घ्यायला गेलो तर मला म्हणाली, "नको मामा. अण्णांनी हॉल भरायला सांगितला होता, मी माझ्याकडून भरला. ती खुर्ची अण्णांनीच भरायची." म्हणजे तुम्ही नाही आलात तर एक खुर्ची मोकळी राहणार आणि पैज तुम्ही जिंकणार. मला तिचा एवढा राग आला होता की मी जेवलो नाही.

ता. क. २ परवा शनिवारी सकाळी गाडी तुमच्या गाळ्यासमोर येईल. भोंगा ओळखू येईल. पास मागू नका. भाव करू नका. आणि कृपा करून नमुना तर मुळीच मागू नका, कारण पिंपळगावात तिने जो माणूस करून दाखवला, त्याला तिथल्या निम्म्या यार्डाने नावानिशी ओळखलं.

ता. क. ३ लासलगावात खिडकीवर मी बसणार आहे. तुम्ही समोर आलात तर तिच्याने बोलवणार नाही, म्हणून त्या एका तिकिटापुरतं तिने मला परत कामावर घेतलं आहे. मी सवयीने 'कुठं जायचं?' असंच विचारीन. तुम्ही 'मुलीच्या नाटकाला' एवढं म्हणा, आणि सुट्टे घेऊन या.