हात मोकळा झाला की

अण्णा, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे म्हणतात, पण माझा राग काही त्यांना विचारून आलेला नाही. तुम्ही असता तर तोंडावर बोलले असते. आता नाही, म्हणून लिहायला बसले, आणि एवढं लिहीपर्यंतसुद्धा मध्येच उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. का गेले ते तिथं पोचल्यावर आठवेना. हल्ली माझं असंच होतं. पुस्तकाचं पान धड वाचून होत नाही. वरच्या ओळीत काय होतं ते खालच्या ओळीला येईपर्यंत निसटलेलं असतं, मग पुन्हा वर जायचं. लहानपणी तुमच्या शेजारी बसून दुपारभर वाचणारी मुलगी मीच होते, हे आता दुसऱ्या कुणाचं तरी ऐकल्यासारखं वाटतं.

कोल्हापुरात मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला कधी कळलं नाही. "पोरगी कॉम्प्युटरवर असती" एवढंच तुम्ही लोकांना सांगायचात. ऑनलाइन वस्तू विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. बोलायचं नाही, नुसतं लिहायचं. स्क्रीनवर एकाच वेळी तीन-चार माणसं उघडी असतात. कुणाची चप्पल लहान आलेली, कुणाचा मिक्सर फुटका निघालेला. प्रत्येकाला "आम्ही आपली अडचण समजू शकतो" असं लिहायचं आणि पुढच्याकडे वळायचं. समजत कुणाचंच काही नाही. संध्याकाळी घरी आले की डोकं भरलेलंही नसतं आणि रिकामंही नसतं, नुसतं खुळखुळत असतं. नोकरी नवी होती तेव्हा मला याची भीती वाटायची. आता सवय झाली आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

भीती वाटली की मला हुपरीचं घर आठवायचं. घराच्या पुढच्या खोलीला आपण कारखाना म्हणायचो. एक ऐरण, गॅसची ज्योत, चिमटे, आणि मांडी घालून बसलेले तुम्ही. चांदीच्या पैंजणाच्या बारीक कड्या तुम्ही ज्योतीवर एकेक करून झाळून जोडायचात, तेव्हा गल्लीतून वरात गेली तरी तुमची मान वळायची नाही. मी शाळेतून धावत येते आहे. वक्तृत्वात नंबर आला आहे आणि ते मला याच क्षणी सांगायचं आहे. "अण्णा!" म्हणून मी दारातून ओरडते, तुमचा हात हलतो आणि जोडत आणलेली अख्खी ओळ वितळून गोळा होते. मला वाटतं, आता पाठीत बसणार. तुम्ही ज्योत बंद करता, चिमटा खाली ठेवता, आणि म्हणता, "हे बघ बाळ, आधी माणसाच्या हातात काय हाय ते बघायचं, मग तोंड उघडायचं. हात मोकळा झाला की मी तुझाच हाय. आता बोल."

मग तुम्ही ऐकलंत. वितळलेली चांदी समोर पडलेली असताना माझं सगळं भाषण पहिल्यापासून ऐकलंत. तो आपल्या घरचा कायदाच होऊन बसला. ज्याला काही सांगायचं असेल त्याने उंबऱ्यावर बसायचं आणि समोरच्याचा हात मोकळा व्हायची वाट बघायची. तुम्ही स्वतःही तो पाळायचात. मी गणित सोडवत असले तर चहाचा कप घेऊन तुम्ही दारात उभे राहायचात, पेन्सिल खाली ठेवीपर्यंत हाक मारायचा नाहीत, चहा गार झाला तरी. आई कावायची, "बाप हाईसा का पाव्हणं? आत जावा की!" तुम्ही नुसते हसायचात. एकदा हात मोकळा झाला की मात्र तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मी पुन्हा बघितलं नाही. तुम्ही सल्ला द्यायचा नाहीत. पण तुम्ही ऐकत असलात की माझ्या मनात काय आहे ते मला बोलता बोलता कळायचं. विचार करायला मी शाळेत नाही शिकले, त्या उंबऱ्यावर शिकले.

म्हणून तर त्या रविवारी मी हुपरीला आले होते. तुमची नजर मंदावली होती, कड्या दिसेनात, आणि कारखाना मोडून सामान माझ्या चुलत्याला द्यायचं तुम्ही ठरवलं होतं. मोबाईल तुम्हाला मीच आणून दिला होता, रिकामपणी मन रमेल म्हणून. एसटीत बसल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होते. अण्णा, कारखाना मोडू नका. मला शिकवा. माझी नजर शाबूत आहे, मी नोकरी सोडून ऐरणीपुढे बसते. मला एका वेळी एकच काम करायचं आहे, नाहीतर माझं डोकं माझं राहणार नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. तुम्ही हसला नसता. निदान मला तशी खात्री होती.

तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागी बसला होतात. ज्योत बंद होती. हातात मोबाईल होता आणि अंगठा वर सरकत होता. "आलीस व्हय? बस," म्हणालात आणि मान परत खाली. मी उंबऱ्यावर बसले. कुठल्या तरी परक्या मुलखात चिखलात रुतलेली गाडी एकजण बाहेर काढत होता. "बघ की, कसा काढतोय गडी!" म्हणून तुम्ही मला ते दाखवलंत आणि खळखळून हसलात. ते संपलं, दुसरं सुरू झालं. कुणीतरी मासा कापत होतं. मी वाट बघत होते. मध्ये तुम्ही एकदा मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत, आता ठेवताय असं वाटलं, पण परत खाली बघितलंत. आईने जेवायला बोलावलं. ताटापुढेही तुम्ही मोबाईल तांब्याला टेकवून उभा केलात. दुपारच्या गाडीने मी परत आले. पुढच्या आठवड्यात सामान चुलत्याकडे गेलं, आणि वर्ष सरायच्या आत तुम्हीही गेलात.

सगळं जग त्या काचेला डोळे लावून बसलं, त्याचं मला काही वाटलं नाही. ऑफिसातली माणसं तशीच आहेत, एसटीतली तशीच आहेत, माझा नवराही ताटात काय वाढलंय ते न बघता जेवतो. पण तुम्ही? वरातीला न हलणारी मान चिखलातल्या गाडीने हलवली? मला सगळ्यांनी फसवलं असतं तरी चाललं असतं, एक जागा शिल्लक आहे असं मी धरून चालले होते आणि तीच तुम्ही उठून देऊन टाकलीत. ऐरण चुलत्याला दिलीत त्याचं इतकं दुःख नाही. तुमचे कान कुणाला दिलेत, अण्णा?

तुमचं दिवसकार्य झाल्यावर तुमचे सदरे घडी घालताना आई म्हणाली, "तू आल्ती त्या रविवारी, तू गेल्यावर उंबऱ्याकडं बघत बसले हुते. म्हणलं, काय झालं? तर म्हणले, पोरीच्या मनात कायतरी हाय. म्हणलं, मग इचारायचं न्हाई व्हय? तर म्हणले, ती कामात हुती."

मी तिच्यावर खेकसले. कसलं काम? उंबऱ्यावर दगडासारखी बसून होते मी, तुमची वाट बघत! आईने पुढचा सदरा घडीला घेतला. मला वाटलं, तुम्ही दोष माझ्यावरच ढकलून गेलात. तो राग मी आजपर्यंत जपला, आणि खरं सांगायचं तर त्याने मला बरंच तारलं. मी ऐरणीपुढे का बसले नाही, असं कधी मनात आलं की उत्तर तयार असायचं.

हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही. तुमच्या फोटोमागे ठेवलं तर आई वाचून घेईल कुणाकडून तरी, म्हणून तिथंही ठेवत नाही. पण इतकं लिहिल्यावर एवढं राहायला नको. त्या रविवारी उंबऱ्यावर बसले तेव्हा माझ्याही हातात मोबाईल होता. ऑफिसचे निरोप येत होते आणि तुमचा हात मोकळा होईपर्यंत म्हणून मी त्यांना उत्तरं देत होते. तुम्ही मान वर केलीत ती माझ्या तोंडाकडे बघायला नव्हे. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत, थोडा वेळ थांबलात, आणि मग खाली बघितलंत. ते मला दिसलं होतं.