तव्याचा दांडा

प्रिय रेनेटा,

फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. टॅन्सीच्या तळहाताची पट्टी निघाली, हे मला चर्चमध्ये तुझ्या आत्याकडून कळलं. मधलं बोट अजून सरळ होत नाही, हेही तिनंच सांगितलं. तुझी लेक आठ वर्षांची आहे गं. 

इकडे डोंगरावरची पानं गळून गेली. त्या रविवारी तिचा हात भाजला, तेव्हापासून महिनाभर मी मक्याचा पाव केलेला नाही. बिडाचा तवा खिळ्याला टांगलाय, त्याच्याकडे बघवत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तो मोठ्या आचेवर ठेवायची. मध्ये करपायचं, कडा कच्च्या राहायच्या. तुझी आजी म्हणायची, "अगं, बीड आहे ते, तुझा नवरा नव्हे लगेच तापायला!" मंद आचेवर ठेवायचा, दहा मिनिटं त्याच्याकडे बघायचं नाही, मग डुकराची चरबी सोडायची. पीठ पडताच चर्र झालं पाहिजे, मग ओव्हनमध्ये. तापायला वेळ घेतो, निवायला त्याहून जास्त. आणि फडकं घेऊ द्यायची नाही ती. दांड्याला उघडी बोटं टेकवून धग ओळखायची. फडकं शोधते ती पाहुणी, असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षं मी तेच मिरवलं. तू लेक्सिंग्टनहून जाड हातमोजा आणलास, तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं, "बाईसाहेब शहराच्या झाल्या!" तू हसली नव्हतीस.

त्या रविवारी तू अंगणात होतीस. टॅन्सीची किंकाळी ऐकून धावत आलीस आणि मी म्हटलं, "तव्याला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं, पण ऐकेल तर ना!" तू तिला रागावलीस, गाडीत बसेपर्यंत रागावत होतीस. ती नुसती माझ्याकडे बघत होती. आत्या सांगत होती, आता कोणी विचारलं की टॅन्सी म्हणते, "मी ऐकत नाही ना, म्हणून भाजलं." हे कानावर आल्यापासून मी माणसांत नाही.

रेनेटा, माझ्या बोटांतली जाणीव गेली आहे. साखरेच्या आजारामुळे. वर्ष झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चुलीपाशी एकटीनं जाऊ नका, गरम-गार तुम्हाला कळणार नाही. मी तुला बोलले नाही. बोलले असते तर तू टॅन्सीला माझ्यापाशी सोडली नसतीस, आणि तुझे वडील गेल्यावर या घरात तिच्याशिवाय कोणाचा आवाज असतो?

तिनं स्वतःहून हात लावला नव्हता. तवा ओव्हनमधून काढून थोडा वेळ झाला होता. मी दांड्याला बोटं टेकवली, मला गरम लागलं नाही. मी म्हटलं, "निवलाय. तू दांडा धर, मी पाव ताटात काढते." तिनं धरला. "मामॉ, चटका बसतोय," असं म्हणाली ती. आणि मी म्हटलं, "नाटकं नकोत, घट्ट धर, पाव पडेल." तिनं धरून ठेवला. हे मी तुझ्यापासून लपवलं आणि दोष त्या पोरीच्या माथी मारला. ती गप्प का राहिली, मला माहीत नाही. मला सांभाळून घेत असेल, किंवा आता तिलाही माझंच खरं वाटत असेल. तिला माझ्याकडे पाठव असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. एवढंच कर, हे वाचून झालं की तिला जवळ घे आणि सांग, तिनं मामॉचं ऐकलं होतं.

तुझीच, तुला चालत असेल तर,
आई