गंजात मीठ मी टाकलं

उस्ताद,

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या धाकट्या मुलाचं लग्नही झालं नव्हतं. आता त्याची मुलगी डॉक्टर आहे. ती शिकली चीनमध्ये, सहा वर्षं, आणि त्या सहा वर्षांत मला एक झोप धड लागली नाही. परत आली, इथली परीक्षा पास झाली आणि सालेकसा तालुक्यातल्या एका दवाखान्यात लागली. एकटी पोरगी कशी राहील म्हणून मी तिच्यासोबत राहायला आलो. दवाखान्यामागे दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. ती ड्युटीवर गेली की मी दाराची कडी दोनदा बघतो, गॅसचं बटण तीनदा बघतो. माझा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. तुमच्याइतका तो कोणाला महाग पडला नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, पत्र लिहायची सवय नाही, पण गेल्या रविवारी जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगून त्याची किंमत कळणार नाही.

दवाखान्यातले लोक नातीला चीनवाली म्हणतात. वाईट मनाने नाही, पण म्हणतात. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गोंदिया शहरातला, हिंदीत बोलणारा. तो तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, चाइना का माल है, गॅरंटी तो नहीं ना?" ती हसली आणि म्हणाली, रविवारी सगळे संध्याकाळी घरी या, तिकडे आम्ही काय खायचो ते खाऊ घालते. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी खाटेवर बसलो. सात पाहुणे. तिने समजावलं की तिकडे मधोमध शेगडीवर रस्सा उकळत ठेवतात, भोवती कच्चं सगळं कापून मांडतात, आणि ज्याने त्याने काडीने उचलून त्या रश्शात शिजवून खायचं. मी विचारलं, मग आचारी काय करतो? ती म्हणाली, रस्सा चढवला की आचाऱ्याचं काम संपलं, बाकी सगळं कापण्यावर असतं. तिला माहीत नाही की तिचा आजोबा अठ्ठावीस वर्षं तुमच्या हाताखाली फक्त कापत होता, आणि का कापत होता.

तुमच्याकडे लग्नांच्या स्वयंपाकाला आलो तेव्हा मला दोन लेकरं होती. वर्षभर तुम्ही मला तुमच्या शेजारी उभं केलंत. फोडणी कधी करपते, भात कधी उतरवायचा, सगळं दाखवलंत. मग कोहमाऱ्याजवळचं ते लग्न आलं. चुलीवरच्या मोठ्या गंजात वरण उकळतं आहे, तुम्ही पोत्यात हात घालून मीठ टाकता आणि भाताकडे वळता. मी ढवळतो आहे. आणि मला वाटतं, टाकलं का नाही टाकलं? तुम्ही चार पावलांवर आहात. मी विचारत नाही. मूठभर मीठ घेतो आणि टाकतो. पंगत बसते, पहिला घास जातो आणि वरातीकडचा एक म्हातारा ताटातच थुंकतो. तुम्ही मांडवात जाऊन हात जोडलेत आणि म्हणालात, चूक माझी झाली. मागे परत आलात तेव्हा मी चुलीजवळच उभा होतो.

"काऊन रे, मीठ टाकलं तू?"

"मले वाटलं, तुमी टाकलं नसंल."

"मंग विचारलं काऊन नाही?"

"भेव वाटलं, उस्ताद."

तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "आजपासून तू कापशील. गंजाजवळ दिसू नोको." आणि त्यानंतर मी खरंच कधी दिसलो नाही. पोतं पोतं कांदे, कोहळे, वांगी. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला ट्रकच्या कमानीपट्ट्यापासून लोहाराकडून घडवून आणलेली सुरी दिलीत, काही न बोलता. ती बक्षीस होती की शिक्षा पक्की केली होती, यावर मी वर्षानुवर्षं विचार केला. तुम्हाला विचारलं नाही. घरीसुद्धा मीठ बायकोच टाकायची, ती गेल्यावर सून, आता नात.

नातीने सामानाची यादी लिहिली आणि म्हणाली, यातलं निम्मं इथे मिळणार नाही, गोंदियालाही नाही, तिथली चवच येणार नाही. मी यादी हातात घेतली. कमळाचं मूळ. बांबूचे कोंब. अळिंबी. अळूचे कंद. तळ्यातले झिंगे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ही तर आपल्या आठवडी बाजाराची यादी होती. आषाढाचे दिवस, बाजारात बांबूचे वास्ते आलेले होते, अळूची कोचई होती, आणि रानातल्या सात्या मी ओळखीच्या बाईकडूनच घेतल्या, कारण भलतीच अळिंबी आली आणि अख्खा दवाखाना दवाखान्यातच भरती झाला तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. कमळाचं मूळ तळ्यावरच्या माणसाला आदल्या दिवशी सांगून काढवून घेतलं. नात ते बघून नुसती हसत सुटली. आजोबा, सहा वर्षं तिथे मी याला परदेशी भाजी समजून खात होते, म्हणाली.

रविवारी सकाळपासून कापायला बसलो. वास्ते दोनदा उकळून पाणी फेकलं, कडूपणा गेला. मटण फ्रीजमध्ये कडक करून घेतलं आणि तुमच्या सुरीने असं कापलं की काप हातावर ठेवला तर खालच्या रेषा दिसाव्या. सगळे काप एका जाडीचे, कारण एकाच रश्शात सगळ्यांना सारखंच शिजायला हवं. कमळाच्या मुळाच्या चकत्या, कोचईच्या चकत्या, रोहूचे तुकडे, कोबी, पालक. बांबू तासून काड्या केल्या. कच्चं उचलायच्या काड्यांना लाल दोरा बांधला, खायच्या काड्या वेगळ्या. विजेच्या दोन शेगड्यांवर दोन गंजांत हाडांचा रस्सा चढवला होता. एक साधा, आल्याचा. दुसऱ्यात मिरची आणि तिने तिकडून आणलेले, जिभेला मुंग्या आणणारे दाणे. वीज गेली तर म्हणून छोटा सिलिंडरही आणून ठेवला. पाच वाजता दवाखान्यातून फोन आला. एक बाई अडली होती. नात चपला घालता घालता म्हणाली, "आजोबा, मीठ राहिलं आहे, तेवढं टाकून द्या." आणि गेली.

उस्ताद, मी त्या दोन गंजांसमोर उभा होतो. तिला फोन लावला, उचलला नाही, कसा उचलणार. म्हटलं पाहुणे आले की त्यांनाच टाकायला सांगू. मग म्हटलं, पोरीचं नाव जाईल. आधीच चीनवाली. खारट झालं तर आयुष्यभर सांगतील, चीनवालीचा खारट रस्सा. तुम्ही वासावरून मीठ ओळखायचे, कधी चाखायचे नाही. मला वासावरून काही कळत नाही, कधीच कळलं नाही. बराच वेळ उभा राहून मी दोन वाट्या घेतल्या. अंदाजाने मीठ काढून प्रत्येक गंजापुढे एकेक वाटी ठेवली. पहिली वाटी ओतली आणि रिकामी करून पालथी घातली. दुसरी ओतली आणि पालथी घातली. मग चाखलं, ठीक वाटलं. दोन मिनिटांनी शंका आली, टाकलं का? वाट्यांकडे बघितलं. पालथ्या होत्या. पुन्हा शंका आली, पुन्हा बघितलं. इतकी साधी गोष्ट. तुमच्या पोत्यातल्या मुठीला असा पुरावा नव्हता, आणि मलाही इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मिठाचा डबा कपाटात ठेवून मी कपाटाला पाठ लावून बसलो.

सात वाजता सगळे आले. मोठ्या डॉक्टरीणबाई, दोन सिस्टर, ड्रायव्हर, औषधं देणारा आणि त्याची बायको, लॅबमधला मुलगा. खाली सतरंजीवर गोल बसले. नात आली नव्हती, म्हणून कसं खायचं ते मीच सांगितलं, जसं तिने मला सांगितलं होतं. देवरीकडची वयस्क सिस्टर जरा मागे सरकून बसली. सगळ्यांच्या काड्या एकाच गंजात, हे उष्टं नाही का होत, असं तिने मला हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिस्टर, आपण सुयासुद्धा उकळत्या पाण्यात टाकायचो, तेव्हा नाही विचारलंत. सिस्टर हसली आणि पुढे सरकली. ड्रायव्हर काड्यांशी झटत होता. तीनदा त्याचं मटण रश्शात पडलं आणि तिन्ही वेळा औषधवाल्याने ते शोधून स्वतः खाल्लं. मग ड्रायव्हरने मला गाठलं.

"काका, खुद पकाओ, खुद खाओ. फिर आपने क्या किया?"

"मी कापलं," मी म्हणालो.

त्याने कमळाची एक चकती उचलली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. सगळ्यांनी वर बघितलं. चकतीतून उजेड येत होता, भोकं एकसारखी, कडा कुठे फाटलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी ताटातला मटणाचा काप उचलून तसाच धरला आणि म्हणाल्या, काका, ऑपरेशनच्या टेबलाजवळ माझ्या बाजूला तुम्हीच उभे राहत जा. ड्रायव्हरने चकत्यांचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

मी मात्र त्या कौतुकाकडे नीट लक्ष देऊ शकलो नाही. कोणी मिठाचं नाव काढतो का याकडेच माझे कान होते. भात आला. आपली माणसं भाताशिवाय उठत नाहीत, म्हणून मी कुकर लावून ठेवला होता. आता सगळं त्यात शिजून गोड झालेला रस्सा त्यांनी भातावर वाढून घेतला. औषधवाल्याच्या बायकोने सवयीने विचारलं, मीठ आहे का? मी उठायला लागलो. देवरीची सिस्टर भात कालवता कालवता, वर न बघता म्हणाली, "कायले पायजे मीठ? बराबर तं आहे."

बाकीच्यांनी ऐकलंही नसेल. बाईने पुन्हा मीठ मागितलं नाही. मी परत खाली बसलो.

तेवढ्यात नात आली. बाई सुखरूप, मुलगी झाली, असं दारातूनच सांगितलं. हात धुऊन आली, गंजात डोकावली आणि ताटं बघून थबकली, कारण ताटांत काही उरलंच नव्हतं. तिच्यासाठी मी वेगळं काढून ठेवलेलं आणलं. ती खात होती आणि ड्रायव्हर तिला सांगत होता की असा माल असेल तर गॅरंटीची गरज नाही. मग ती म्हणाली, आजोबा, तुम्ही पण बसा. उस्ताद, लग्नाच्या पंगतीत मी कधी बसलो नाही, आपण सगळे मागेच उरलेलं खायचो. मी सगळ्यांमध्ये बसलो. काडी मला जमली नाही, चमच्याने खाल्लं. पोटभर खाल्लं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी करून नातीच्या एखाद्या जाड पुस्तकात ठेवून देईन, ती पुस्तकं आता ती उघडत नाही. फक्त एक कबूल करायचं राहिलं. तुम्हाला राग येऊ नये. कुठेही चूल पेटली की इतकी वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे उभे असायचे, लग्नात, बारशात, स्वतःच्या घरातही. रविवारी सिस्टरने भात कालवला तेव्हापासून शेवटचा पाहुणा चपला घालून जाईपर्यंत मला तुमची एकदाही आठवण झाली नाही.